तीन फ्रेमसाठी

दीर : नाही वहिनी, त्याच्या खालचं कार्ड घ्यायचं तर मग न घेतलेलंच बरं. हे बघ, यात सोळा जीबी आहे, त्यात बारा.

वहिनी : कसले सोळा?

दीर : मेमरी. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची.

वहिनी : आत्ताच्या कार्डात किती आहे?

दीर : आठ.

वहिनी : ती आठ भरते?

दीर : म्हणजे?

वहिनी : खेळताना त्या आठातली किती वापरली जाते, ते कधी बघितलंस?

दीर : असं कोण बघतं?

दुकानदार : कोणीच बघत नाही, ताई. म्हणून तर आमचं दुकान चालतं.

दीर : काका, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?

दुकानदार : जो पैसे देणार त्याच्या. कोण देतंय?

वहिनी : अर्धे मी. अर्धे हा. गेल्या स्पर्धेत याच्या टीमला बक्षीस मिळालं, त्यातला याचा सगळा वाटा यानं यात घातलाय. मी नको म्हणत होते, ऐकलं नाही.

दुकानदार : गुणाचं पोर दिसतंय. कोण हा तुमचा?

वहिनी : दीर. घरात याला टिल्लू म्हणतात.

दुकानदार : हा टिल्लू? दारातून वाकून आला आत्ता.

वहिनी : नाव पाळण्यात ठेवलं. नंतर तो थांबलाच नाही.

दीर : वहिनी, कार्डाचं बोल ना.

दुकानदार : बोलू या. तुझी स्क्रीन कुठली?

दीर : चोवीस इंची. एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ.

दुकानदार : म्हणजे एका सेकंदाला ती जास्तीत जास्त एकशे चव्वेचाळीस चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवणार. आणि तू बोट ठेवलंयस ते कार्ड तुझ्या गेममध्ये तीनशे काढेल. वरची दीडशे कोणाला, शेजाऱ्यांना दाखवणार?

दीर : पुढेमागे स्क्रीनही बदलेन.

दुकानदार : मग कार्डही पुढेमागेच घे. तोवर स्वस्त होईल.

वहिनी : हे मला पटलं. पुढचं सांगा.

दुकानदार : पुढे प्रोसेसर. तो जरा चांगला घ्या, तिथे हात आखडू नका. पॉवर सप्लाय नामांकित कंपनीचा, लागतो त्याच्या दीडपट ताकदीचा. लोक तिथेच वाचवतात आणि मग धूर निघाला की माझ्याकडे येतात. रॅम दोन पट्ट्यांत, एकाच जोडीतली. आणि हे सगळं बसवायचा डबा.

दीर : डबा काचेचा. समोर तीन पंखे, दिवेवाले. रॅमही दिव्यांचीच.

दुकानदार : दिव्यांनी फ्रेम वाढत नाहीत रे.

दीर : माहितीये. पण दिसतं भारी.

दुकानदार : माझ्या मेव्हण्याच्या लग्नातही भारी दिसत होतं. ताई, तुम्ही काय करता यावर? की सगळं याच्या गोळीबारासाठीच?

वहिनी : मी हॉस्पिटलच्या स्कॅन विभागात आहे. सकाळी तिथे, दुपारनंतर घरून. डॉक्टर स्कॅन बघून बोलतात, त्याचं रेकॉर्डिंग मला येतं. मी ते ऐकायचं, चित्राशी ताडायचं आणि रिपोर्ट टाइप करायचा. डाव्या बाजूला उजवी म्हटलं गेलं असेल तर ते मलाच पकडावं लागतं.

दुकानदार : जबाबदारीचं काम. आणि ते याच डब्यावर?

वहिनी : घरात टेबल एकच मावतं.

दुकानदार : एकाच डब्यात पेशंटांचे रिपोर्ट आणि बंदुका. बरं, बरं. हॉस्पिटलला चालतं हे?

वहिनी : चालायचं. तीन आठवड्यांपूर्वी बंद झालं.

दीर : वहिनी, ते सगळं कशाला सांगतेस? काकांना फक्त पार्ट सांग.

वहिनी : का नको? त्यांना कळायला हवं काय जोडायचंय ते. काका, माझा पासवर्ड वापरून कोणीतरी बाहेरून हॉस्पिटलच्या सिस्टीममध्ये शिरायला बघितलं. त्यांच्या लोकांनी लगेच पकडलं, काही गेलं नाही. पण पासवर्ड माझ्या मशीनवरूनच बाहेर गेला होता. त्यांनी घरून काम करायची परवानगी काढून घेतली. माझ्याकडून लेखी घेतलं.

दुकानदार : काय लेखी?

वहिनी : की एका अनोळखी मेलमधली फाइल मी उघडली. मला दुसरं काही आठवतच नव्हतं. तेवढी एकच. ‘तुमचं पार्सल निघालं आहे’ असा मेल होता. मी काही मागवलं नव्हतं, तरी उघडली. का उघडली ते अजून कळत नाही मला.

दुकानदार : होतं असं. रोज चार येतात माझ्याकडे.

वहिनी : माझ्याकडून होत नाही. म्हणजे, होत नव्हतं. आता गॅस बंद केला तरी जिन्यातून परत वर जाते बघायला. रिपोर्ट पाठवताना डावं-उजवं तीन-तीनदा बघते. परवा विभागात एकजण म्हणाली, तू पूर्वी दिवसाला चाळीस रिपोर्ट काढायचीस.

दुकानदार : मग आता काय ठरलंय?

वहिनी : सोमवारी त्यांचा माणूस नवं मशीन तपासायला घरी येणार. त्याच्या मनासारखं असलं तर परवानगी परत. नसलं तर दुपारीही तिथेच बसायचं. आणि माझी पोरगी बाराला बालवाडीतून येते. म्हणजे मग नोकरी सोडणंच आलं.

दुकानदार : असं आहे होय. मग कार्डाचं राहू द्या, आधी सुरक्षेचं बघू. अँटिव्हायरस कुठला वापरता?

दीर : काका, एखादा हलका द्या. गेम मोडवाला. जड असला की फ्रेम खातो.

दुकानदार : किती खातो?

दीर : खूप.

वहिनी : खूप म्हणजे किती?

दीर : सगळेच म्हणतात, वहिनी. टीममध्ये कोणालाही विचार. ऐन मोक्याला गेम अडकतो.

दुकानदार : तू मोजलंस का?

दीर : मोजायला काय लागतं? जाणवतं ना.

वहिनी : काका, मोजता येतं का हे?

दुकानदार : दहा मिनिटांचं काम. जुनं मशीन असतं तर आत्ता दाखवलं असतं.

वहिनी : आहे ना. या पिशवीत तेच आहे. याचे काही पार्ट नव्यात चालतील का ते विचारायचं होतं.

दीर : काही चालणार नाहीत. वहिनी, मी निघतानाच म्हटलं होतं, ते आणू नकोस.

वहिनी : दोन जिने मी उतरवलंय. ओझं मला झालं, तुला का होतंय?

दुकानदार : इकडे द्या. अरे बापरे. ताई, हे आतून कधी पुसलंय?

वहिनी : आतून पुसतात?

दुकानदार : ही जाळी बघा. एवढ्या धुळीत मेथी उगवेल. आणि ही डिस्क चांगली आहे की. ही नव्यात सहज चालेल.

दीर : डिस्क नको. डिस्क फेकून द्या.

दुकानदार : का रे? दीड वर्षही झालेलं दिसत नाही.

दीर : जुनी आहे. काहीतरी असेल त्यात. हॉस्पिटलवालेही म्हणाले ना, नवं आणा.

वहिनी : मशीन नवं आणा म्हणाले. डिस्कबद्दल काही बोलले नाहीत. तुला त्यांनी वेगळं काही सांगितलं का?

दीर : नाही.

दुकानदार : इंटरनेटची वायर मी लावत नाही, घाबरू नका. नुसतं चालू करतो. हं. ताई, पासवर्ड टाका. आता हा गेम उघडतो, यात स्वतःची चाचणी असते. तोच देखावा, तीच धावपळ, दर वेळी सारखी. वर कोपऱ्यात आकडा दिसतोय ना, त्या फ्रेम.

वहिनी : एकदाच चालवायची?

दुकानदार : तीनदा चालवू. सरासरी काढू.

वहिनी : काका, तुम्ही आमच्या विभागात या.

दुकानदार : चहा चांगला मिळतो का तिथे? हे बघा, सत्त्याण्णव. सत्त्याण्णव. परत सत्त्याण्णव. आणि कार्डाचं तापमान चौऱ्याण्णव अंश. याच्यावर अंडं उकडेल. आता अँटिव्हायरस पूर्ण बंद करतो. बघ टिल्लू, तुझा शत्रू झोपला. आता तुझं ‘खूप’ बघू.

दीर : ती धूळ साफ करा की आधी. त्यामुळे आकडा चुकीचा येतो.

वहिनी : दोन्ही वेळा तीच धूळ आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

दुकानदार : सत्त्याण्णव. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. घ्या.

वहिनी : म्हणजे काहीच खात नाही तो.

दुकानदार : थांबा. हे बरोबर नाही.

वहिनी : का? चांगलं आहे की.

दुकानदार : इतकं चांगलं नसतं. दोन-तीनचा तरी फरक पडतोच, तो पहारा देत असतो ना. काहीच फरक नाही याचा अर्थ असा, की हा गेम ज्या ड्राइव्हवर, म्हणजे डिस्कच्या ज्या भागात आहे, तिकडे तो बघतच नाहीये. आधीपासूनच.

वहिनी : बघत नाही असं होऊ शकतं?

दुकानदार : आपण सांगितलं तर होतं. प्रत्येक अँटिव्हायरसमध्ये एक यादी असते. इथे तपासू नकोस, इथे मी बघून घेतो, अशी. ही बघा. यादीत एकच नाव. डी ड्राइव्ह. आख्खा.

दीर : काका, राहू द्या ना आता ते.

वहिनी : मी यात कधी काही घातलेलं नाही. अशी यादी असते हेच मला माहीत नव्हतं.

दुकानदार : घातलंय कोणीतरी. तारीख असते पुढे.

वहिनी : गेल्या महिन्याची नऊ. चार वाजून बारा मिनिटं, दुपारची.

दुकानदार : हो.

वहिनी : नऊ तारखेला मी दुपारी घरी नव्हते. त्या दिवशी विभागात नवं स्कॅनर बसवत होते, मी रात्री आठला आले. पोरीला… पोरीला टिल्लू सांभाळत होता.

दुकानदार : असं करतो. हे मागच्या टेबलावर नेतो, धूळ काढतो, कार्डाला उष्णता ओढणारी नवी पेस्ट लावतो. आणि माझ्या पेन ड्राइव्हवरून चालू करून दोन्ही ड्राइव्ह तपासतो. अर्धा तास. त्या स्टुलावर बसा.

(दुकानदार डबा उचलून पडद्यामागे जातो.)

वहिनी : बोल.

दीर : काय बोलू?

वहिनी : मला माहीत नाही. म्हणून तर विचारतेय.

दीर : गेम अडकत होता. कप्तानानं एक बूस्टर पाठवला. छोटा प्रोग्राम, त्यानं फ्रेम वाढतात म्हणे. पाचही जणांनी घ्यायचा ठरलं. पण अँटिव्हायरस तो उघडूच देईना. दर वेळी लाल पाटी. मग कप्तान म्हणाला, फोल्डर यादीत टाक. फोल्डर टाकला तरी थांबवत होता, तो प्रोग्राम अजून कुठेतरी फाइल ठेवत होता. मग मी आख्खा ड्राइव्हच टाकला.

वहिनी : लाल पाटीवर काय लिहिलं होतं?

दीर : धोका आहे म्हणून.

वहिनी : आणि पोरगी?

दीर : मांडीवर होती. चित्र काढत होती.

वहिनी : फ्रेम वाढल्या?

दीर : वाटल्या वाढल्यासारख्या.

वहिनी : बरं. आणि मग सोळा तारखेला मला हॉस्पिटलचा फोन आला. तेव्हा तुझ्या लक्षात आलं?

दीर : तेव्हा नाही. म्हणजे, मनात आलं होतं. पण मला वाटलं त्याचा आणि याचा काही संबंध नसेल. कप्तानाला काही झालं नव्हतं. बाकीच्यांनाही नाही.

वहिनी : मी लेखी दिलं, तेव्हा तू समोर बसला होतास. मी तुला वाचून दाखवलं. विचारलं, नीट झालंय का?

दीर : हो.

वहिनी : तू म्हणालास, ‘आहे’ला काना द्यायचा राहिलाय.

दीर : वहिनी…

वहिनी : आणि त्या रात्री जेवताना तुझा दादा म्हणाला, चला, आमची बायकोही शेवटी माणूसच निघाली. तेव्हा सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं?

दीर : मी.

वहिनी : मला तेव्हा बरं वाटलं होतं. म्हटलं, हलकं करायला हसतोय.

दीर : तोंड उघडलं असतं तर तुम्ही गेम बंद केला असता. निवड चाचणी आहे शनिवारी. दोन वर्षं त्याच्याच मागे लागलोय मी. दादाला ते टाइमपास वाटतं. तुला एकटीला वाटत नाही.

वहिनी : म्हणून तू बक्षिसाचे पैसे दिलेस.

दीर : नाही.

वहिनी : टिल्लू.

दीर : हो. वाटलं, नवं मशीन आलं, तुझी परवानगी परत आली, की फिटलं.

वहिनी : मशीनचं फिटलं असतं. मी जिन्यातून परत वर जाते त्याचं काय करणार होतास?

दीर : मला ते माहीत नव्हतं. गॅसचं. आज पहिल्यांदा ऐकलं.

वहिनी : मीही आज पहिल्यांदाच बोलले. दुकानात, परक्या माणसापुढे. घरी सांगायची लाज वाटत होती मला, भावजी.

दीर : भावजी नको म्हणूस.

वहिनी : मग काय म्हणू? मला अजून राग आलेला नाही. येईल बहुतेक घरी गेल्यावर. आत्ता मी वेगळंच मोजतेय. तीन आठवडे. त्यात किती वेळा मी स्वतःला मूर्ख म्हटलं, ते.

दीर : अजून एक आहे.

वहिनी : काय?

दीर : तो पार्सलचा मेल. तो खरा होता. माउसखाली ठेवायचं पॅड मी मागवलं होतं. माझ्या खात्यावर पैसे परत मिळायची ऑफर संपली होती, म्हणून तुझा मेल पत्ता घातला. सांगायचं राहून गेलं. आणि मग सांगताच येईना.

वहिनी : म्हणजे ती फाइल पावती होती.

दीर : हो. नुसती पावती.

वहिनी : आणि ते पॅड?

दीर : पलंगाखाली आहे. उघडलं नाही अजून.

दुकानदार : येऊ का? की अजून थोडी धूळ शोधू?

वहिनी : या काका. काय निघालं?

दुकानदार : एक फाइल सापडली. डी ड्राइव्हवर, ‘बूस्टर’ नावाच्या फोल्डरात. नऊ तारखेचीच. कीबोर्डवर जे टाइप कराल ते टिपून बाहेर पाठवणारी. बाकी दोन्ही ड्राइव्ह स्वच्छ.

वहिनी : अकरा तारखेची एक फाइल असेल. पार्सलवाली.

दुकानदार : आहे. तपासली. साधी पावती आहे. एका माउस पॅडची.

वहिनी : नीट तपासलीत?

दुकानदार : दोन वेगवेगळ्या प्रोग्रामांनी. ताई, त्या मेलनं तुमचं काही वाकडं केलेलं नाही.

वहिनी : बरं.

दुकानदार : पाणी देऊ का?

वहिनी : नको. आकडे सांगा. तुम्ही परत मोजलं असेल.

दुकानदार : मोजलं तर. यादी रिकामी केली, अँटिव्हायरस पूर्ण जागा ठेवला, धूळ तशीच. चौऱ्याण्णव. म्हणजे हा खातो तो तीन फ्रेम. मग धूळ काढली, पेस्ट बदलली. तापमान एकाहत्तरवर आलं. एकशे अडतीस.

दीर : अँटिव्हायरस चालू असताना?

दुकानदार : चालू असताना. कार्ड तापलं की स्वतःच मंद होतं, जळू नये म्हणून. तुझा गेम अडकत होता तो त्यामुळे. बूस्टरनं एक फ्रेम वाढली नाही. तुला वाढल्यासारखं वाटलं, कारण तुला वाढायला हवं होतं.

दीर : म्हणजे एका ब्रशनं झालं असतं.

दुकानदार : ब्रश आणि पेस्ट. चिमूटभर. बूस्टर किती जणांकडे आहे म्हणालास? पडदा पातळ आहे, ऐकू आलं.

दीर : पाच. माझ्यासकट.

दुकानदार : मग त्या चौघांना आधी फोन लाव. त्यांच्या घरातही कोणीतरी बँकेचं बघत असेल, कोणी पगाराचं. सांग, वायर काढा, कशाला हात लावू नका आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

दीर : कप्तान भडकेल. शनिवारच्या आधी कोणाचं मशीन बंद पडलं तर…

वहिनी : भडकू दे.

दीर : लावतो. पण त्याआधी वहिनी, हॉस्पिटलचं. मी काय म्हणतो, सोमवारी नवं मशीन असंही पास होईल. तो मेलवाला कागद त्यांनी मान्य केलाय. आता दुसरं काही सांगितलं तर ते विचारतील, घरात या मशीनवर अजून कोण बसतं? कशावरून परत होणार नाही? तुझंच नुकसान होईल. मी माझ्यासाठी म्हणत नाहीये. खरंच.

वहिनी : माहीत आहे मला. हिशेब बरोबर आहे तुझा.

दीर : मग?

वहिनी : त्यांच्या फायलीत लिहिलंय की ही बाई कुठलाही मेल उघडते. ते मीच लिहून दिलंय, आणि ते खोटं आहे. उद्या डावं-उजवं मी पकडलं आणि डॉक्टर म्हणाले, तुम्हीच चुकला असाल, तर मी काय म्हणणार? गेले तीन आठवडे मी ‘असेल’ म्हणतेय.

दीर : नोकरी गेली तर?

वहिनी : जाऊही शकते. म्हणून कागद असा हवा, की त्यांना पुढचा प्रश्न पडायला नको. काका, नवं मशीन फक्त माझ्यासाठी जोडा. गेमचं काही नको. छोटा डबा, साधं काम.

दुकानदार : मग कार्डच नको वेगळं. प्रोसेसरमधलं पुरेल. स्कॅनची चित्रं मोठी असतात, तेव्हा रॅम भरपूर घालतो. अँटिव्हायरस हॉस्पिटल कुठला म्हणतं तो घालू. आणि यादीला हात लावायला मालकाचा पासवर्ड लागेल, असं करून देतो. पहिल्याच्या अर्ध्यात बसेल सगळं.

वहिनी : याचे पैसे याला परत. जुनं मशीन याचं. डिस्क कोरी करून द्या.

दुकानदार : आणि टेबल? एकच मावतं म्हणालात.

दीर : मी जमिनीवर बसेन. गादीवर मांडतो. चालेल.

वहिनी : एवढा लांब माणूस गादीवर बसून खेळणार.

दीर : एकशे अडतीस आहेत ना. मग कुठेही बसेन. पैसे मात्र परत नकोत, वहिनी. तुझ्या मशीनमध्येच राहू दे.

वहिनी : नको. ते घेतले तर तुझं फिटेल. एवढ्यात फिटू द्यायचं नाहीये मला.

दुकानदार : हा कागद घे. पेनही घे. मला वाटतं, तुला काही लिहायचंय.

दीर : तू सांग वहिनी, मी लिहितो.

वहिनी : मी कशाला सांगू? मी तिथे नव्हते.

दुकानदार : लिहिताना कोणी डोक्यावर उभं राहू नये. ताई, या, तोवर डबा पसंत करा. दिवेवाला दाखवू?

वहिनी : दाखवा. किती वीज खातो?

दुकानदार : तुम्हीच एक असं गिऱ्हाईक की दिव्याचीही वीज विचारता.

दीर : झालं. वाचू?

वहिनी : वाच.

दीर : ‘नऊ तारखेला दुपारी चारच्या सुमारास, वहिनी घरी नसताना, मी त्यांच्या कॉम्प्युटरवर…’

वहिनी : चार बारा.

दीर : ‘…चार वाजून बारा मिनिटांनी, मी त्यांच्या कॉम्प्युटरवर गेमसाठी एक प्रोग्राम घातला. अँटिव्हायरसनं तो थांबवला होता. म्हणून मी चुकून आख्खा डी ड्राइव्ह तपासणीतून वगळला.’

वहिनी : ‘चुकून’ खोड.

दीर : पण मला माहीत नव्हतं ना त्यात काय आहे.

वहिनी : त्यात काय आहे ते माहीत नव्हतं, असं वेगळं लिही. वगळलंस ते चुकून नाही. काका, ते करताना किती वेळा विचारतो तो?

दुकानदार : दोनदा. आख्ख्या ड्राइव्हला तिसऱ्यांदा विचारतो.

दीर : खोडलं. ‘त्या प्रोग्राममध्ये काय आहे हे मला माहीत नव्हतं. पासवर्ड त्यातूनच बाहेर गेला. वहिनींनी उघडलेल्या मेलमध्ये काही नव्हतं, ती मी मागवलेल्या वस्तूची पावती होती. हे मला त्यांनी लेखी दिलं तेव्हाच सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. दुकानदारांनी तपासलेल्याची छापील नोंद सोबत आहे.’ एवढंच.

वहिनी : शेवटचं मी सांगितलं नसतं.

दीर : कुठलं? सांगता आलं असतं, ते?

वहिनी : हं.

दीर : काढू?

वहिनी : राहू दे. सोमवारी तो माणूस आला की तू घरी थांब. कागद तू द्यायचा.

दीर : देईन. त्यानं काही विचारलं तर?

वहिनी : आकडे सांगायचे. सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, चार बारा. विशेषणं नकोत.

दुकानदार : आता जा, ते चार फोन लाव. बाहेर रेंज चांगली येते. मी तोवर ताईंचं जोडायला घेतो, सगळे पार्ट आहेत.

(दीर बाहेर जाऊन फोन करून परत येतो.)

दीर : कप्तान उचलत नाहीये.

दुकानदार : बाकीचे तीन?

दीर : तिघांना सांगितलं. एकाच्या बहिणीचा ऑनलाइन क्लास चालू होता त्याच मशीनवर. वायर काढली त्यानं. कप्तानाला मेसेज टाकलाय, परत लावतो.

वहिनी : उचलेपर्यंत लाव.

(तासाभराने.)

दुकानदार : हं, ताई, सुरू झालं. सगळं घातलंय. छोटं आहे, पण चोख आहे. आता मालकाचा पासवर्ड तेवढा टाका. सहज सुचेल असा नको, पोरीचं नाव नको. दुसऱ्या कोणी बघू नये. मीही पाठ फिरवतो.

दीर : मी बाहेर थांबतो मग.

वहिनी : बाहेर कशाला? इथेच थांब. फक्त तिकडे बघ.